मोटारीसाठी हातमोजा आणि फडके

हिमरू कापडाच्या पोताची पारख पिढ्यान्‌पिढ्या करीत आलेल्या छत्रपती संभाजीनगरात मोटार पुसण्यास मात्र जुन्या बनियनचा तुकडा बेलाशक घेतला जावा, हे विलक्षणच! धुळीतील कठीण खनिजकण कोरड्या फडक्याखाली घासले गेले, की रंगावरील पारदर्शक लेपावर सूक्ष्म ओरखड्यांचे जाळे उमटते. म्हणून प्रथम पाण्याने धूळ सैल करावी, आणि मग ज्याचे लांब, मऊ तंतू कणांना आपल्यात ओढून घेऊन पत्र्यापासून दूर ठेवतात, असा मायक्रोफायबरचा किंवा लोकरीचा हातमोजा वापरावा. नाथसागर जलाशयाचे पाणी नळाला काही दिवसांच्या अंतराने येणाऱ्या या शहरात दोन बादल्यांवर, एक साबणाची व दुसरी मोजा खळबळण्याची, हे काम सहज भागते.

पुसण्याचे मायक्रोफायबर फडके पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांच्या, पुष्कळदा ८० व २० अशा प्रमाणातील, मिश्रणाचे असते. पाणी टिपण्यास दाट लवेचे व पॉलिशसाठी आखूड लवेचे निवडावे, कडक शिवणीची किनार टाळावी. बोअरचे क्षारयुक्त पाणी उन्हात वाळून डाग ठेवते, यास्तव मोटार सावलीत धुऊन तात्काळ टिपण्याची तजवीज असावी. जमिनीवर पडलेले फडके धुतल्यावाचून रंगास लावू नये. आणि ते धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य बिलकूल घालू नये, कारण त्याने तंतूंची शोषणशक्ती मंदावते.