हरिकेन येण्याआधी शिडं उतरवाच
हरिकेनचा इशारा आला की बोटमालक आधी जादा दोर शोधतात. माझ्या मते आधी शिडं उतरवावीत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि तो सगळा शेवटी त्या दोरांवरच येतो. ‘शीड घट्ट गुंडाळलंय की!’ असं कुणी म्हणेल. पण गुंडाळीची एक कड सुटली की शीड उलगडतं, फडफडून डोलकाठी हादरवतं आणि बोट नांगरासकट ओढून नेतं. सुरक्षित खाडी गाठली की झालं, हा भरवसाही अपुरा आहे. २०१७ मध्ये इर्मा वादळात टॉर्टोला बेटावरच्या पॅराक्विटा खाडीत आसऱ्याला ठेवलेल्या बोटी एकमेकींवर चढून पडल्या. दाटीत एक सुटली की शेजारचीलाही घेऊन जाते. आणि शिडं उतरवायचं काम वारा शांत असतानाच उरका, कारण पुढचं गुंडाळलेलं शीड काढायचं तर आधी पूर्ण उलगडावं लागतं.