चित्रांच्या वाटेने समभावाकडे

दुसऱ्याचे दुःख ओळखता येणे ही माणुसकीची पहिली पायरी होय. ती केवळ उपदेशाने चढता येत नाही. ‘दया करावी’ असे मुलास शंभर वेळा सांगितले, तरी पडलेल्या सवंगड्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याची सवय त्यास लागेलच असे नाही. ही सवय लावण्याचे एक साधे साधन म्हणजे चित्रमय पुस्तक.

या क्षेत्रात पुणे शहरात मोलाचे कार्य झाले आहे. निर्मला पुरंदरे यांनी १९८१ मध्ये वनस्थळी ग्रामीण विकास केंद्राची स्थापना करून खेड्यांतील स्त्रियांना बालवाडी चालविण्याचे प्रशिक्षण दिले. त्यांच्या कन्या माधुरी पुरंदरे यांनी मुलांसाठी स्वतः लिहिलेली व स्वतःच चितारलेली पुस्तके ज्योत्स्ना प्रकाशनाने प्रसिद्ध केली. बालसाहित्यातील कार्याबद्दल २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार देण्यात आला. ‘राधाचं घर’ या संचात लहानगी राधा आपल्या घरातील माणसांची ओळख करून देते. यात उपदेश नाही; आहे ते माणसांकडे मायेने, बारकाईने पाहणे.

चित्राचे सामर्थ्य कशात आहे? अक्षरओळख नसलेले मूलही चेहरा वाचू शकते. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्यास ठाऊक नसू शकते, ही जाण साधारणपणे चौथ्या-पाचव्या वर्षी पक्की होऊ लागते. नेमक्या याच वयात चित्रातील पात्राच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याची संधी मिळाली, तर ती जाण समभावाकडे वळते. अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तकांना आरशाची व खिडकीची उपमा दिली. आरशात मुलास स्वतःचे जीवन दिसते, तर खिडकीतून दुसऱ्याचे. ज्या मुलास केवळ आरसाच मिळतो, त्यास शेजारच्या वस्तीतील मूल परके वाटू लागते.

मात्र पुस्तक हाती दिले म्हणजे कार्य संपले, असे नव्हे. शिक्षकाने पान उलटण्यापूर्वी थांबावे. ‘हिला काय वाटत असेल?’, ‘तू तिथे असतास तर काय केले असतेस?’ असे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. उत्तर चुकीचे ठरवू नये. शेवटी तात्पर्य सांगण्याचा मोहही टाळावा. मुलाने स्वतः शोधलेले तात्पर्यच टिकते.

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. तीन ते सहा वर्षांची मुले तेथे एकत्र बसतात. ग्रामपंचायतीने तेथे निवडक चित्रपुस्तके पुरवावीत, ती कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलांच्या हाती पोहोचतील अशी मांडावीत आणि ती फाटतील या भीतीने आवरून ठेवू नयेत. फाटलेले पुस्तक चिकटविता येते. बालपणी न रुजलेली आस्था पुढे रुजविणे फार कठीण असते.