शस्त्रक्रिया मोफत, रोजच्या गोळीचं काय?

राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत धुळे होतं. २०१७मध्ये तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. हृदयाची, कर्करोगाची शस्त्रक्रिया गरिबांच्या आवाक्यात आली, हे मोठंच काम. पण योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाची. वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत, आणि घरातला पैसा हळूहळू जातो तो तिथेच.

त्याच धुळ्यातल्या शिरपूरपासून चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी कापूस वेचणाऱ्या बाईला रक्तदाबाची गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते. पण तिथे ती संपलेली असली, की त्या दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं दोन्ही पाण्यात. पुन्हा कोण जाणार? गोळी सुटते, आणि एखाद्या दिवशी लकवा मारतो.

निकषाप्रमाणे आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजारांमागे एक उपकेंद्र हवं. पण नुसत्या इमारतीने भागत नाही. माझ्या मते पहिला उपाय फार खर्चाचा नाही: उपकेंद्रातच तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात, साठा संपण्याआधीच मागणी जावी, कुणाची गोळी चुकली यावर आशाताईंनी लक्ष ठेवावं. आणि त्यांचं मानधन वेळेवर मिळावं.