'गगन': आपल्या आभाळाचा हिशेब

मनमाडच्या शिवारात जीपीएसने जमीन मोजणारा रोव्हर बांधावर उभा करतात आणि पडद्यावर 'फिक्स', म्हणजे जागा पक्की ठरल्याची खूण, येण्याची वाट पाहतात. कधी आजूबाजूला झाड नसते, भिंत नसते, तरी 'फ्लोट', म्हणजे अजून अंदाजच असल्याची खूण, हटत नाही. याचे एक कारण शेकडो किलोमीटर उंचावर, आयनांबर या वातावरणाच्या थरात असते.

तिथे उन्हाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या संदेशाला उशीर लावतात. त्यामुळे जीपीएसच्या अंतरात काही मीटरांपासून दहा-वीस मीटरांपर्यंत चूक येते. मध्य अक्षांशांत हा थर बहुधा शांत असतो. ध्रुवांकडे तो सौर वादळांत खवळतो. आपल्याकडची गोष्ट निराळी. चुंबकीय विषुववृत्त तिरुनेलवेलीजवळून जाते. दिवसा तिथले इलेक्ट्रॉन कारंज्यासारखे वर चढतात आणि चुंबकीय रेषांवरून उतरून अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात दाटतात. मनमाड या दोहोंच्या मधल्या चढावर आहे. एकाच दुपारी इथून दक्षिणेला आणि उत्तरेला उशीर वेगळा भरतो.

हा हिशेब ठेवते 'गगन' ही यंत्रणा. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ती उभारली. नागपूर, गोवा, अहमदाबाद अशी १५ केंद्रे जीपीएसचे संदेश सतत तपासतात. बंगळुरूत दुरुस्त्या तयार होतात आणि भूस्थिर उपग्रहांवरून देशभर प्रसारित होतात. आयनांबराची दुरुस्ती दर ५ अंशांवरच्या बिंदूंसाठी दिली जाते. त्यातला २० उत्तर, ७५ पूर्व हा बिंदू वेरूळच्या पश्चिमेला येतो, मनमाडपासून सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर.

अमेरिकेची अशीच यंत्रणा २००३ मध्ये सुरू झाली. तिने आयनांबर ३५० किलोमीटरवरचा एकच पातळ थर मानले. आपल्या आभाळाला ते पुरेना, म्हणून इस्रोच्या शास्त्रज्ञांनी अनेक थरांचे प्रारूप रचले. डिसेंबर २०१३ मध्ये 'गगन'ला पहिले प्रमाणपत्र मिळाले. विमान धावपट्टीकडे उतरवताना उंचीचेही मार्गदर्शन देण्याची मान्यता एप्रिल २०१५ मध्ये आली. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोचे विमान किशनगडला याच आधारावर उतरले.

एक मर्यादा मात्र उरतेच. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, आयनांबरात विरळ प्लाझ्माचे बुडबुडे उठतात. सूर्य जोरात असेल त्या वर्षी ते महाराष्ट्रावरही पसरतात. संदेश लुकलुकतो, कधी तुटतो. तुटलेला संदेश कोणतीच दुरुस्ती सांधत नाही. अशा वेळी चूक किती असू शकते त्याची मर्यादा 'गगन' वाढवून सांगते, आणि गरज पडल्यास या उपग्रहावर विसंबू नका, असा इशारा देते. विमान उतरवणाऱ्याला अचूक आकड्याइतकाच हा इशारा मोलाचा असतो. परक्या आभाळासाठी केलेले गणित असा इशारा इथे वेळेवर देऊ शकले नसते; त्यासाठी आपलेच आभाळ रोज मोजत राहावे लागते.