धुळीच्या वाटेवरची शर्यत : सुरुवात कुठून करावी?

सोनगीर (जि. धुळे), प्रतिनिधी

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूरच्या दिशेने निघाले, की सुमारे वीस किलोमीटरवर सोनगीर लागते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आणि किल्ल्यासाठी हे गाव ओळखले जाते. महामार्ग सोडून थोडे आत शिरले, की मुरमाड टेकाडे, कोरडे नाले, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आणि काळ्या मातीचे पांदण रस्ते सुरू होतात. मोटारसायकलींच्या 'क्रॉस-कंट्री' शर्यतीला लागते ती भूमी साधारण अशीच. मोटारसायकलचे वेड खान्देशातील तरुणांना नवे नाही. परंतु ते बहुधा महामार्गाच्या गुळगुळीत डांबरावर, अवजड वाहनांच्या गर्दीत आणि अनेकदा हेल्मेटविनाच भागवले जाते. याच वेडाला नियम, प्रशिक्षण आणि स्पर्धेची चौकट देणारा खेळ देशात रुजलेला आहे. त्यात पाऊल कसे टाकायचे, याची माहिती मात्र मोठ्या शहरांबाहेर फारशी पोहोचलेली नाही.

शर्यत म्हणजे नेमके काय?

रस्ता सोडून होणाऱ्या मोटारसायकल शर्यतींचे अनेक प्रकार आहेत. 'मोटोक्रॉस' ही मातीच्या बंदिस्त, चढ-उताराच्या मार्गावर होते. 'सुपरक्रॉस'साठी मैदानात कृत्रिम उंचवटे रचले जातात. 'एन्ड्युरो'मध्ये जंगल, दगडगोटे, ओढे असा खडतर मार्ग ठरलेल्या वेळेत पार करायचा असतो. 'क्रॉस-कंट्री रॅली' या सर्वांहून वेगळी. तेथे स्पर्धक एकत्र सुटत नाहीत. ठरावीक अंतराने एकेकाला सोडले जाते आणि प्रत्येकाची झुंज घड्याळाशी असते. मार्ग सोडला, वेळेआधी वा उशिरा तपासणी नाक्यावर पोहोचले, की दंडाची मिनिटे जमा होतात.

या रॅलीचा प्राण म्हणजे 'रोडबुक', अर्थात चिन्हांनी लिहिलेली मार्गपोथी. किती किलोमीटरनंतर कोणत्या दिशेला वळायचे, खड्डा कोठे, धोका किती, हे त्यात सांकेतिक खुणांनी दिलेले असते. धावत्या गाडीवर ते वाचायचे आणि नजर वाटेवरही ठेवायची. साहजिकच येथे सर्वांत वेगवान स्वारच जिंकतो असे नाही. ज्याची वाट चुकत नाही आणि जो दिवसामागून दिवस गाडीवर टिकतो, त्याची सरशी होते.

डकारच्या वाळूतील भारतीय

या खेळाचे शिखर म्हणजे डकार रॅली. फ्रान्सच्या थिएरी सबीन यांच्या कल्पनेतून डिसेंबर १९७८ मध्ये पॅरिस ते डकार अशी ती सुरू झाली. २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरेबियात भरते. बंगळूरचे सी. एस. संतोष हे २०१५ मध्ये ती पूर्ण करणारे पहिले भारतीय मोटारसायकलस्वार ठरले. केरळचे हरिथ नोआ यांनी २०२४ मध्ये 'रॅली २' गटाचे विजेतेपद पटकावले आणि एकूण क्रमवारीत अकरावे स्थान मिळवले. बंगळूरच्याच ऐश्वर्या पिसे यांनी २०१९ मध्ये जागतिक बाहा मालिकेत महिलांचे अजिंक्यपद मिळवले.

महाराष्ट्रातील उदाहरण आशिष रावराणे यांचे. मर्चंट नेव्हीतील नोकरी सांभाळून, कोणत्याही कंपनीच्या अधिकृत संघाचे पाठबळ नसताना ते २०२१ च्या डकारमध्ये उतरले. पूर्ण वेळ व्यावसायिक नसलेल्या स्वारालाही हे दार बंद नाही, हा त्यातला अर्थ. मात्र या साऱ्यांनी एकदम वाळवंटात उडी घेतलेली नाही. संतोष आणि नोआ दोघेही आधी देशातील मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉसच्या मातीत घडले.

परवाना आणि पहिली स्पर्धा

देशातील मोटारक्रीडेचे नियमन 'फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया' अर्थात एफएमएससीआय ही संस्था करते. तिच्या मान्यतेच्या स्पर्धेत उतरायचे तर संस्थेचा स्पर्धा परवाना लागतो. वयाचा पुरावा, वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र आणि अल्पवयीन असल्यास पालकांची संमती ही त्यासाठीची मुख्य तयारी. परवान्यासोबत मिळणारे विम्याचे संरक्षण कितपत आहे, हे अर्ज भरतानाच तपासून घेणे शहाणपणाचे.

राष्ट्रीय दुचाकी रॅली मालिकेत इंजिनाच्या क्षमतेनुसार गट असतात. महिलांसाठी स्वतंत्र गट असतो आणि स्कूटरस्वारांनाही स्थान असते. नाशिक आणि पुणे ही राज्यातील मोटारक्रीडेची जुनी केंद्रे. नाशिकच्या 'रॅली ऑफ महाराष्ट्र'ने या भागाला रॅलीची ओळख करून दिली. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरीही जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातच झाली. धुळ्याच्या तरुणाला नाशिक दीडशे किलोमीटरच्या घरात पडते. तेव्हा पहिली पायरी प्रेक्षक किंवा स्वयंसेवक म्हणून अशी एखादी स्पर्धा जवळून पाहण्याची असावी. दुसरी, वेगापेक्षा वेळेच्या अचूकतेवर गुण देणाऱ्या 'टाइम-स्पीड-डिस्टन्स' प्रकारच्या रॅलीची. तेथे मार्गपोथी वाचायची सवय कमी धोक्यात लागते.

गाडी कोणती?

नवख्याने महागड्या आयात गाडीच्या मागे लागू नये. हीरो कंपनीने २०११ मध्ये 'इम्पल्स' बाजारात आणली तेव्हा अशा गाड्यांची वाट देशात अरुंदच होती. २०१९ मध्ये आलेल्या 'एक्सपल्स २००'मुळे ती रुंदावली. उंच बैठक, लांब हालचालीचे सस्पेन्शन, तारांची चाके आणि हलके वजन, एवढे असले की शिकण्यास पुरे. उरलेला पैसा आधी संरक्षक साहित्यावर खर्च करावा. पूर्ण चेहरा झाकणारे ऑफ-रोड हेल्मेट, गॉगल, छाती-पाठीचे कवच, कोपर व गुडघ्यांचे गार्ड, हातमोजे आणि नडगीपर्यंतचे बूट यांतले काहीही वैकल्पिक नाही. साध्या बुटांत पाय गाडीखाली आला, तर घोटा वाचणे कठीण.

काळी माती, मुरूम आणि वाळू

शिकण्यासाठी खान्देशचे शिवार उत्तम आहे, कारण येथे प्रत्येक जमीन वेगळा धडा देते. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटून मडगार्डमध्ये घट्ट बसते आणि गाडी जागीच अडते. उन्हाळ्यात तीच भेगाळते. मुरमावर पुढचा ब्रेक जोरात दाबला, की चाक निसटते. नदी-नाल्यांच्या वाळूत वेग सोडला, की पुढचे चाक रुतते. तेथे वजन मागे घेऊन गती कायम ठेवावी लागते. चाकोरीत नजर चाकाजवळ नको, दूर हवी. गाडी नजरेच्या मागे जाते.

पहिले काही महिने वेग विसरावा. पायखुंट्यांवर उभे राहून, गुडघ्यांनी टाकी धरून, अतिमंद गतीने इंग्रजी आठाच्या आकारात गाडी फिरवणे हा पायाभूत सराव. टायरमधील हवा रस्त्यापेक्षा कमी ठेवल्यास पकड वाढते. मात्र दगडांवर ती फार कमी असेल, तर ट्यूब चिमटून फाटते. येथील बारीक धूळ इंजिनाची शत्रू असल्याने एअर फिल्टर प्रत्येक सरावानंतर साफ करावा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सराव पहाटेच आटोपावा आणि पाठीवर पाण्याची पिशवी असावी.

कायदा, शेतकरी आणि जीव

या खेळाचा धोका लपवण्यात अर्थ नाही. २०२० च्या डकारमध्ये हीरोच्याच संघातील पोर्तुगीज स्वार पाउलो गोन्साल्विस यांचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी संतोष गंभीर जखमी होऊन काही काळ औषधांच्या साहाय्याने कोमात ठेवले गेले होते. जागतिक दर्जाच्या संघांतील, हेलिकॉप्टर आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर असणाऱ्या स्वारांची ही कथा. माळरानावर एकट्याने सराव करणाऱ्याला यातले काहीच उपलब्ध नसते. म्हणून किमान तिघे सोबत असावेत, घरी मार्ग सांगितलेला असावा, प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाची माहिती हाताशी असावी.

सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या लेखी संमतीविना शर्यत लावणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठीही तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दिवे काढलेली, सायलेन्सर बदललेली शर्यतीची गाडी रस्त्यावरून चालवत न नेता 'छोटा हत्ती'सारख्या टेम्पोतून न्यावी. शेत मालकाला विचारूनच वापरावे आणि पीक उभे असताना तर बांधावरूनही जाऊ नये. शिरपूर तालुक्यातील अनेर धरण आणि जळगाव जिल्ह्यातील यावल ही अभयारण्ये सरावासाठी वर्ज्यच मानावीत.

खान्देशात जमीन आहे, गाड्या आहेत आणि हौस तर आहेच. उणीव आहे ती परवानगी घेऊन आखलेल्या सरावमार्गाची आणि शिकवणाऱ्या हातांची. ही उणीव एखाद्या स्थानिक क्लबने भरून काढली, तर महामार्गावर धोक्यात टाकला जाणारा वेग माळरानावर शिस्तीत उतरेल. या खेळात पहिला येण्याआधी शेवटपर्यंत पोहोचायला शिकावे लागते, आणि ते शिकलेला स्वार महामार्गावरूनही सुखरूप घरी परततो.