जुन्या इंग्रजी विनोदी सिनेमाला माणसं कशी जमवायची?

आज आपण आहोत बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर. इथल्या एका सोसायटीतल्या मराठी मंडळींनी विचारलंय, "क्लबहाऊसमध्ये जुना, हलकाफुलका हॉलिवूड सिनेमा लावायचा आहे. पण लोक येतील का?"

लोक येतील, पण आधी ते राहतात कसे ते बघू. कमावती पिढी इब्लूरच्या चौकातल्या गाड्यांच्या रांगेतून रात्री घरी पोचते. नागपूर-सांगलीहून आलेले आईवडील दिवसभर घरात असतात. कन्नड येत नाही, त्यामुळे लिफ्टमध्ये नुसतं हसून नमस्कार होतो. रात्री आजोबा टीव्हीसमोर, मुलगा लॅपटॉपसमोर आणि नात मोबाइल घेऊन. एका घरात तीन पडदे, आणि प्रत्येक जण एकटा. तुम्हाला माणसं जमवायची आहेत ती या तीन पडद्यांसमोरून उठवून.

उदाहरणासाठी 'सम लाइक इट हॉट' घेऊ. बिली वाइल्डरचा १९५९चा सिनेमा, त्यात मेरिलिन मन्रो, टोनी कर्टिस आणि जॅक लेमन. गोष्ट १९२९च्या शिकागोतली. दोन कफल्लक वादक गुंडांच्या टोळीने केलेलं हत्याकांड चुकून बघतात. आता जीव वाचवायचा तर शहर सोडायला हवं. फ्लोरिडाला निघालेल्या एका वाद्यवृंदात जागा असते, पण तो फक्त बायकांचा. मग काय, दोघे झगे घालतात आणि गाडीत बसतात!

आता जाहिरात. पहिली गोष्ट, 'क्लासिक' हा शब्द लिहू नका. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००० साली विनोदी सिनेमांच्या यादीत याला पहिला नंबर दिला, हे खरं आहे. पण तेही खेळ संपल्यावर सांगा. आधी सांगितलं की लोकांना गृहपाठ दिल्यासारखं वाटतं.

त्याऐवजी ओळखीच्या दारातून आत न्या. विचारा, "'मोरूची मावशी' पाहिलंय? 'अशी ही बनवाबनवी' पाठ आहे ना?" अत्र्यांनी 'मोरूची मावशी' घेतलं ब्रँडन थॉमसच्या 'चार्लीज आंट' या इंग्रजी नाटकावरून. १९८८चा 'बनवाबनवी' आला हृषिकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'वरून. ही वाइल्डरची नक्कल नव्हे, पण खेळ तोच आहे. अडचणीपोटी पुरुष बाईचा वेश घेतो आणि मग त्या वेशातून बाहेर पडणंच अवघड होऊन बसतं. वाइल्डरवरून थेट घेतलेला हिंदी सिनेमा म्हणजे १९७५चा 'रफू चक्कर'. ऋषी कपूर आणि पेंटल आजी-आजोबांना लगेच आठवतील.

तरुण मंडळी विचारतील, पुरुषाला बाईचे कपडे घातले की झाला विनोद? त्यांना सांगा, सिनेमा तिथे थांबत नाही. बाई म्हणून वावरताना पुरुषांच्या नजरा आणि चिमटे कसे असतात, ते या दोघांना स्वतःला सोसावं लागतं.

दुसरी अडचण, सिनेमा कृष्णधवल आहे. लपवू नका, कारणच सांगा. रंगीत चाचणीत दोघांचा मेकअप हिरवट दिसत होता, म्हणून वाइल्डरने रंग सोडला. हे कळलं की लोक तो मेकअप निरखून बघायलाच येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका प्रसंगात जॅक लेमन सांगतो की एका श्रीमंत म्हाताऱ्याने त्याला लग्नाची मागणी घातली आहे. वाइल्डरने त्याच्या हातात खुळखुळे दिले. लेमन एक वाक्य बोलतो, खुळखुळे वाजवत नाचतो, मग पुढचं वाक्य. कशासाठी? प्रेक्षकांच्या हशात पुढचं वाक्य बुडू नये म्हणून. म्हणजे दिग्दर्शकाने हशासाठी सिनेमातच जागा सोडली आहे. एकट्याने मोबाइलवर बघाल तर ती जागा रिकामी वाटेल. पन्नास जण सोबत असतील तर ती भरते. तुमची खरी जाहिरात हीच आहे: हा सिनेमा एकट्याने बघायचा नाही.

व्हॉट्सॲपवर एवढंच टाका: "दोन वादक, दोन झगे आणि मागे लागलेले गुंड. रविवारी चार वाजता क्लबहाऊसमध्ये. आईबाबांना घेऊन या. मध्यंतरात चहा आणि बटाटेवडे." रविवार दुपार यासाठी की गाडी काढावी लागत नाही. सिनेमा दोन तासांचा आहे. इंग्रजी उपशीर्षकं चालू ठेवा, आणि सुरुवातीला पाच मिनिटं मराठीत सांगा की तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती. नाहीतर पहिल्याच प्रसंगात शवपेटीतून दारू का गळते ते कळणार नाही.

परवानगीचंही बघा. घरच्या ओटीटी वर्गणीत सार्वजनिक खेळ बसत नाही. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, पण पटकथेचे आणि संगीताचे हक्क वेगळे मोजले जातात. हक्कधारकांना आधी विचारलेलं बरं.

आणि शेजारच्या कन्नड कुटुंबालाही बोलवा. खुळखुळ्यांना भाषा लागत नाही. एकदा शेजारी बसून हसलेले आजोबा दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नमस्कारावर थांबत नाहीत.

सिनेमाचं शेवटचं वाक्य फार गाजलेलं आहे. ते मी सांगणार नाही, तुम्हीही कुणाला सांगू नका. भेटू पुढच्या भागात.