परक्या राज्याने गावाचे काय बदलले?

शापोरा नदीकाठच्या आपल्या हळर्ण किल्ल्याचे नाव एके काळी लिस्बनच्या दरबारात मानाने घेतले जात असे. सावंतवाडीच्या भोसल्यांचा हा किल्ला पोर्तुगिजांनी १७४६ च्या मे महिन्यात घेतला. ती मोहीम चालविणारा व्हाइसरॉय दों पेद्रू मिगेल द आल्मैदा ह्याला राजाने पुढे 'हळर्णचा मार्कीझ' हा किताब दिला, आणि तो त्याच्या घराण्यात चालू राहिला. गावाचे नाव सरदाराला मिळाले. गावातील माणसाला काय मिळाले, हा प्रश्न संस्थेच्या ह्या महोत्सवाच्या निमित्ताने विचारण्यासारखा आहे.

साम्राज्य म्हणजे लूट, अशी आपली साधी समजूत असते, आणि ती खोटी नाही. हिंदुस्थानची संपत्ती वर्षानुवर्षे इंग्लंडकडे कशी वाहून जाते, हे दादाभाई नौरोजींनी १९०१ च्या आपल्या ग्रंथात आकड्यांनिशी मांडले. परंतु लुटीपेक्षाही खोल जाणारा बदल निराळाच असतो. गावाच्या पोटापाण्याचे निर्णय गावाबाहेर, गावाला न कळणाऱ्या भाषेत होऊ लागतात, आणि हळूहळू गावाला त्याचीच सवय जडते. आपल्या मुलखातील चार उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण जमिनीचे. १५१० साली गोवे शहर घेताना आल्बुकेर्कने तेथील मुसलमानांची कत्तल केली. पुढे जुन्या काबिजादींत देवळे पाडली गेली आणि १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल बसला. पेडणे महाल पोर्तुगिजांकडे कायमचा गेला तो १७८८ साली. तोपर्यंत त्यांचा जोर ओसरला होता, म्हणून नव्या काबिजादींत धर्म आणि रूढी राखण्याचे वचन देण्यात आले. देवळे राहिली, मशिदी राहिल्या. परंतु जमिनीचे दप्तर पोर्तुगीज भाषेत गेले. ज्याला ती भाषा आणि कचेरीची वाट ठाऊक, त्याचा हक्क कागदावर चढला. कूळ आणि मुंडकार तोंडी शब्दावर राहिले. मुंडकारी पोर्तुगिजांनी निर्माण केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण परक्या सत्तेला गावोगावी चार वजनदार माणसे हाताशी लागतात, म्हणून तिने जुनी विषमता मोडली नाही, उलट तिला कायद्याचा टेकू दिला. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहिलेला मनुष्य भाटकाराने 'ऊठ' म्हटले तर घर सोडण्याच्या भीतीत जगत होता.

दुसरे उदाहरण मिठाचे. आपल्याच नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या आगरवाड्याच्या नावातच मिठागर आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्लंड आणि पोर्तुगाल ह्यांच्यात तह झाला. त्यान्वये गोव्याच्या मिठावर ब्रिटिश सरकारचा ताबा आला, आणि त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. ह्याच तहातून मुरगावचे बंदर आणि तेथून घाटावर जाणारा लोहमार्ग उभा राहिला. कामे मोठी होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु पैसे मिळाले सरकारला, आणि धंदा बुडाला आगऱ्याचा. तह १८९२ साली संपला. मधल्या १२ वर्षांत मिठागरे सोडून गेलेली माणसे काही तहाबरोबर परत आली नाहीत. तो लोहमार्ग पेडण्याच्या वाट्याला आलाच नाही. आपल्या महालातून आगगाडी धावली ती कोकण रेल्वेची, गेल्या शतकाच्या अखेरीस.

तिसरे उदाहरण माणसांचे आणि त्यांच्या पैशाचे. पोर्तुगाल स्वतःच गरीब देश. त्याने येथे गिरण्या काढल्या नाहीत. तेव्हा गोव्यातून बाहेर जाणारा मोठा माल म्हणजे येथील तरुणच ठरला. मुंबईत गेलेल्या मुलाच्या मनीऑर्डरीवर घर चालावे, हा आपल्या समाजाचा रिवाजच होऊन बसला. १९५९ साली रुपयाच्या जागी एस्कुदो आला, ६ एस्कुदोंना एक रुपया ह्या भावाने; गावाला कोणी विचारले नाही. बांकु नासियोनाल उल्त्रामारीनु ह्या बँकेत अनेक कुटुंबांनी दागिने गहाण ठेवले होते. १९६१ साली मुक्तीच्या तोंडावर ते सोने लिस्बनला नेण्यात आले आणि १९९१ साली परत आले. मुलीच्या लग्नासाठी राखलेला दागिना तीस वर्षांनी हाती येतो, तेव्हा ती मुलगी आजी होण्याच्या वयात आलेली असते.

चौथे उदाहरण शेजारच्या डिचोली महालातील खनिजाचे. पोर्तुगीज कायद्याने येथील खाणींचे परवाने मुदतीवाचून दिले. १९५० नंतर लोहखनिज जहाजे भरभरून जपानला जाऊ लागले. राज्य १९ डिसेंबर १९६१ रोजी गेले. परंतु ते परवाने रद्द होऊन त्यांचे भाडेपट्टे व्हावयास १९८७ चा कायदा यावा लागला. खाणींचा वाद तेवढ्यानेही मिटला नाही, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खाण चालू असता शेतात माती येते आणि बंद पडली की ट्रकवाल्याची चूल विझते. दोन्हीकडून भोगतो तो गाव.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. राज्य एका दिवसात जाते, पण त्याने पाडलेली वहिवाट एका दिवसात जात नाही. स्वराज्यात १९६४ साली कूळ कायदा झाला आणि १९७५ साली मुंडकार कायदा झाला. कायदे चांगले आहेत. तरीही अनेक दावे रेंगाळलेले आहेत. कारण कागदाची भीती अजून आपल्या अंगातून गेलेली नाही. पोर्तुगीज अमदानीत पणजीला १८४२ साली वैद्यकीय शाळा आणि १८५४ साली लिसेव निघाले, हे खरे. परंतु खेड्यातील मूल मराठी शिकले ते लोकांनी पदरमोड करून चालविलेल्या शाळांत. १९६३ साली बांदोडकरांचे सरकार आल्यावर मात्र खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या अंगठा उठविणाऱ्या घरांतील मुले सही करू लागली.

सही करणे निराळे आणि कशावर सही करतो हे समजणे निराळे. शिक्षक ह्या नात्याने मला वाटते, की ह्यापुढचे काम तेच आहे. आपल्यासारख्या संस्थांनी वह्या-पुस्तके आणि फीची मदत द्यावी, ती देत आल्या आहेतच. त्याबरोबर महिन्यातून एक सायंकाळ अशी ठेवावी, की ज्या दिवशी शिकलेल्या मुलांनी गावातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या जमिनीचा उतारा, घराची नोंद, बँकेचा कागद वाचून समजावून द्यावा. ह्याला फारसा पैसा लागत नाही. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, कोणाच्याही घरचा कागद असो, तो वाचणारा एक मुलगा किंवा मुलगी त्याच वाड्यावर मिळेल.

हळर्णचे नाव एका मार्कीझने मिरविले, त्याला पावणेतीनशे वर्षे झाली. आता ते गावच्या माणसाने आपल्या नावाच्या उताऱ्यावर स्वतः वाचावे, एवढीच ह्या प्रसंगी इच्छा आहे.